नाताळच्या गडबडीत ख्रिस्त मागे पडू नये म्हणून: आगमनकाळापासून ६ जानेवारीपर्यंतची आखणी

२४ डिसेंबरच्या रात्री बऱ्याच घरांत एकच चित्र दिसतं. रोषणाई झालेली असते, भेटवस्तू बांधून तयार असतात आणि माणसं इतकी दमलेली असतात की उपासनेत डोळे उघडे ठेवणं कठीण होतं. श्रद्धेत खोट नसते, क्रम चुकलेला असतो. आधी सजावट, मग खरेदी, मग पाहुणे आणि उरलेल्या वेळात प्रार्थना असं ठरवलं की वेळ उरतच नाही. पुढच्या पायऱ्या याच्या उलट क्रमाने लावल्या आहेत. सगळ्या जमल्या नाहीत तर पहिली, चौथी आणि सहावी सोडू नका.

## पायरी १: आधी तारखा (नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा)

आगमनकाळ, म्हणजे ख्रिस्तजन्माची वाट पाहण्याचे नाताळाआधीचे आठवडे, १ डिसेंबरला सुरू होतो असं अनेकांना वाटतं, कारण मुलांच्या आगमन-कॅलेंडरला चोवीस खिडक्या असतात. प्रत्यक्षात तो रविवारी सुरू होतो. २५ डिसेंबरच्या आधीचा शेवटचा रविवार घ्या, तिथून आणखी तीन रविवार मागे मोजा, की पहिला रविवार सापडतो. २५ तारीखच रविवारी आली तर १८ पासून मोजायचं. त्यामुळे पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान कुठेही येतो आणि आगमनकाळ २२ ते २८ दिवसांचा होतो. २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला सुरू होतो, २०२७ मध्ये २८ नोव्हेंबरला.

आता घरातल्या सगळ्यांना दिसेल अशा एकाच कॅलेंडरवर पेनाने लिहा:

- आगमनकाळाचे चारही रविवार
- पापकबुलीची किंवा पश्चात्तापाच्या प्रार्थनेची एक संध्याकाळ (तिसऱ्या आठवड्यात)
- २४ ची रात्रीची आणि २५ ची सकाळची उपासना
- १ जानेवारी आणि ६ जानेवारी (का, ते पायरी ७ मध्ये)
- प्रत्येक आठवड्यात एक पूर्ण मोकळी संध्याकाळ

मोकळी संध्याकाळ म्हणजे खरोखर मोकळी. तिथे "बघू" असं लिहिलं की पहिल्याच आमंत्रणात ती जाते.

उपासनेच्या वेळा मागच्या वर्षीच्या आठवणीवर लिहू नका, चर्चमध्ये विचारून घ्या. २४ तारीख रविवारी आली की घोटाळा हमखास होतो: सकाळी आगमनकाळाच्या चौथ्या रविवारची उपासना आणि त्याच रात्री ख्रिस्तजन्माची. एकीला गेलो म्हणजे दुसरी झाली असं धरलं जातं. २०२८ मध्ये असंच वर्ष आहे.

जुलियन पंचांग पाळणाऱ्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत ख्रिस्तजन्म ७ जानेवारीला येतो आणि त्याआधी चाळीस दिवसांचा उपवास असतो. त्यांनी तारखा त्याप्रमाणे सरकवाव्यात. पायऱ्यांचा क्रम तोच राहतो.

तपासून पाहा: कॅलेंडरवर कार्यक्रमांची, समारंभांची एकही नोंद नसताना उपासनेच्या नोंदी झाल्या आहेत का? नसतील तर आमंत्रणं स्वीकारणं थांबवा आणि आधी त्या करा.

## पायरी २: यादीला कात्री

कागदावर दोन रकाने करा. डावीकडे उपासना, वाचन, भेटायला जायची माणसं, दान. उजवीकडे सजावट, खरेदी, स्वयंपाक, कार्यक्रम. उजवा रकाना नेहमीच लांबतो. त्यातल्या प्रत्येक कामापुढे ते करणाऱ्याचं नाव लिहा. नाव लिहायला लागलात की खरी गोष्ट दिसते: पंधरापैकी अकरा कामं एकाच व्यक्तीच्या नावावर असतात, बहुधा घरातल्या आईच्या किंवा आजीच्या. सगळ्यांना उपासनेला पाठवून स्वतः चुलीपाशी थांबणारीही तीच. एका माणसाची उपासना बुडवून उरलेल्यांनी सण साजरा करायचा, ही मांडणीच बदलली पाहिजे. कामं वाटा. वाटूनही उरली तर कामं कमी करा. यात तडजोड करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

पैशांचंही तसंच. दानाची रक्कम आधी बाजूला काढा आणि उरलेल्यात भेटवस्तू, कपडे, सजावट बसवा. शेवटी उरलेल्यातून दान करू म्हटलं तर जानेवारीत फक्त उधारी हाती असते. रक्कम किती, हे ज्याने त्याने ठरवावं. ती आधी काढणं महत्त्वाचं.

खरेदीला शेवटची तारीख द्या. तिसऱ्या रविवारनंतर बाजारात जायचं नाही, असा नियम केला तर शेवटचे दिवस तुमच्या हाती राहतात.

सावधान: यंदापासून सगळंच बंद, असं एकदम जाहीर करू नका. मुलांच्या मनात येशूचं नाव आणि सजावट गेल्याचं दुःख अशी गाठ बसते. दरवर्षी एक-दोन गोष्टी गाळा आणि त्या जागी काय येणार ते आधीच सांगा.

## पायरी ३: घरातली जागा मांडा

लागणाऱ्या वस्तू थोड्याच आहेत: एक बायबल, चार मेणबत्त्यांचं कडं आणि गव्हाणीचा देखावा. तिन्ही एकाच कोपऱ्यात, जिथे घरचे रोज बसतात तिथे ठेवा. टीव्हीच्या बाजूला नको.

कडं. हिरव्या डहाळ्यांचं गोल कडं आणि त्यात चार मेणबत्त्या. पुष्कळ मंडळ्यांत तीन जांभळ्या आणि एक गुलाबी असते, काही ठिकाणी चारही एकाच रंगाच्या असतात. गुलाबी तिसऱ्या रविवारी लावतात, शेवटी नाही. ही चूक फार होते. मधोमध पांढरी मेणबत्ती ठेवली असेल तर ती ख्रिस्तजन्माच्या रात्रीपर्यंत पेटवायची नाही.

पहिल्या आठवड्यात एक, दुसऱ्यात दोन, अशी वाढ होते. म्हणजे पहिली मेणबत्ती चारही आठवडे जळते. रोज दहा मिनिटं धरली तर २८ दिवसांत तिचे पावणेपाच तास होतात. बारीक उभी मेणबत्ती तासाला साधारण दोन-तीन सेंटिमीटर खाली जाते, तेव्हा २० सेंटिमीटरची पुरेशी होते. जेवण होईपर्यंत तासभर जळत ठेवली तर दुसऱ्या आठवड्यातच पहिलीचं बूड दिसतं. प्रार्थना संपली की विझवा.

सावधान: डहाळ्या आठवड्याभरात वाळतात आणि वाळलेली पानं झटकन पेट घेतात. दर शनिवारी त्या बदला. कड्याखाली धातूची किंवा मातीची थाळी ठेवा, पडदे लांब असू द्या आणि पेटती मेणबत्ती सोडून कोणीही खोलीबाहेर जाऊ नये.

गव्हाण. देखावा पहिल्या दिवशीच पूर्ण मांडला की पुढच्या चार आठवड्यांत तिकडे कोणी बघत नाही. त्यापेक्षा टप्प्याटप्प्याने मांडा:

१. पहिला रविवार: नुसता गोठा आणि रिकामी गव्हाण.
२. दुसरा आणि तिसरा आठवडा: गुरं, मग मेंढरं आणि मेंढपाळ, पण गोठ्यापासून लांब.
३. चौथा आठवडा: मरीया आणि योसेफ वाटेवर, रोज थोडे पुढे सरकवायचे.
४. २४ ची रात्र: बाळ येशू गव्हाणीत. मग देवदूत आणि मेंढपाळ गोठ्यापाशी.
५. ६ जानेवारी: मागी लोक, म्हणजे येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी. तोवर ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीत किंवा कपाटावर.

मागी लोकांना मेंढपाळांच्या शेजारी उभं करणं ही सगळ्यात रुळलेली चूक. मत्तयाच्या शुभवर्तमानात (मत्तय २:११, म्हणजे दुसरा अध्याय, अकरावं वचन) ते घरात जातात, गोठ्यात नव्हे. ते तीन होते असंही मत्तय सांगत नाही; तीन आहेत त्या भेटी: सोनं, ऊद आणि गंधरस. बैल आणि गाढव लूकच्या वृत्तांतात नाहीत. ठेवायला हरकत नाही, मुलांनी विचारलं तर मात्र खरं सांगा. सांताक्लॉजची मूर्ती गोठ्यात ठेवू नका. तिला दुसरीकडे जागा द्या.

तपासून पाहा: बाळाची मूर्ती कोणाकडे आहे? ती बाजूला ठेवली जाते आणि ऐन रात्री सापडत नाही. एका माणसाकडे सोपवा आणि डबीवर चिठ्ठी लावा.

## पायरी ४: रोजची दहा मिनिटं

सगळ्या आखणीचा कणा हाच आहे आणि बहुतेकांचं इथेच फिसकटतं. दोन कारणांनी: वाचनाची निवड आणि लांबी.

लूकचे २४ अध्याय आणि डिसेंबरचे २४ दिवस, म्हणून रोज एक अध्याय, ही योजना खूप फिरते. मोठ्यांनी एकट्याने वाचायला ती चांगली आहे. घरच्या प्रार्थनेला मात्र नको. पहिल्याच संध्याकाळी ८० वचनांचा अध्याय येतो, येशूचा जन्म २ डिसेंबरला होऊन जातो आणि २३ तारखेला तुम्ही वधस्तंभापाशी पोचता. जन्माची वाट बघायला काही उरत नाही. त्याऐवजी ही वाटणी घ्या:

पहिला आठवडा, देवाचं अभिवचन: यशया ७:१०–१४, ९:२–७, ११:१–१०, ४०:१–११, यिर्मया २३:५–६, मीखा ५:२–५.

दुसरा आठवडा, वाट तयार करणारा (बाप्तिस्मा करणारा योहान): मलाखी ३:१–४, लूक १:५–१७, १:१८–२५, ३:१–६, ३:७–१४.

तिसरा आठवडा, मरीया आणि अलीशिबा: लूक १:२६–३३, १:३४–३८, १:३९–४५, १:४६–५६, १:५७–६६, १:६७–८०.

चौथा आठवडा, योसेफ: मत्तय १:१–१७, १:१८–२५, गलतीकरांस ४:४–५, फिलिप्पैकरांस २:५–११. २४ च्या रात्रीसाठी लूक २:१–२० राखून ठेवा, आधी वाचू नका.

आठवड्याला मुद्दाम चार ते सहाच उतारे ठेवले आहेत. उरलेल्या दिवशी आवडलेला उतारा पुन्हा वाचा. चौथा आठवडा कधी कधी एकाच दिवसाचा असतो. अशा वर्षी मत्तय १:१८–२५ तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी घ्या, नाहीतर योसेफ राहूनच जातो.

यशया ९ आणि मीखा ५ मध्ये काही भाषांतरांत वचनांचे क्रमांक एकाने मागे असतात (९:१–६, ५:१–४). घरात दोन वेगळी बायबलं असतील तर आधी ताडून घ्या.

दहा मिनिटांचा क्रम:

१. मेणबत्ती लावा. बाकीचे दिवे कमी करा, फोन दुसऱ्या खोलीत.
२. एकाने उतारा मोठ्याने वाचावा, सावकाश. वाचणाऱ्याने आधी एकदा मनात वाचलेला असावा. "अलीशिबा", "क्विरीनिय" अशा नावांवर अडखळलं की मुलं हसतात आणि उतारा तिथेच हरवतो.
३. एक मिनिट शांतता. घड्याळ लावून. सुरुवातीला हे मिनिट फार लांब वाटतं.
४. एकच प्रश्न.
५. दोन-तीन वाक्यांची प्रार्थना, त्यात एका खऱ्या माणसाचं नाव घेऊन.
६. गाण्याचं एक कडवं, मग मेणबत्ती विझवा.

प्रश्न कसा विचारता यावर पुष्कळ अवलंबून आहे. "यातून आपण काय शिकलो?" असं विचारलं की मुलं "प्रेम करावं" म्हणून मोकळी होतात. उताऱ्यात बोट ठेवता येईल असा प्रश्न विचारा. उदाहरणार्थ, "आज कोण घाबरलं?" जखऱ्याला देवदूत भिऊ नको म्हणतो (लूक १:१३), मरीयेला तेच म्हणतो (१:३०), योसेफाला स्वप्नात तेच ऐकू येतं (मत्तय १:२०) आणि मेंढपाळांनाही तेच (लूक २:१०). तिसऱ्या वेळेला मुलं देवदूताच्या आधी ते वाक्य म्हणतात. मत्तयाची वंशावळ कंटाळवाणी वाटते म्हणून गाळू नका. तिच्यात स्त्रिया शोधायला सांगा: तामार, राहाब, रूथ, उरीयाची बायको आणि मरीया. त्यातल्या एकीची गोष्ट सांगितली तरी ती संध्याकाळ भरते.

सावधान: दिवस बुडला तर दुसऱ्या दिवशी दोन उतारे वाचू नका. बुडालेला सोडा आणि आजचा घ्या. भरपाईच्या नादात दहा मिनिटांची पंचवीस होतात आणि तीन दिवसांत सगळं बंद पडतं.

घरात एकटेच राहत असाल तर हाच क्रम ठेवा आणि उतारा मोठ्यानेच वाचा. शक्य असेल तर आठवड्यातून एकदा कोणाला तरी फोनवर सोबत घ्या.

## पायरी ५: समेट आणि दान (तिसऱ्या आठवड्यापर्यंत)

पापकबुली २४ तारखेवर ढकलली की रांगेत उभं राहून घाईने उरकावी लागते. कॅथलिक घरांनी तिसऱ्या आठवड्यातच ती करावी. इतरांनी त्याच संध्याकाळी घरी पश्चात्तापाची प्रार्थना करावी.

त्याबरोबर एक काम अवघड आहे: ज्याच्याशी बोलणं बंद आहे अशा एका माणसाचं नाव लिहायचं आणि २० डिसेंबरच्या आत फोन करायचा. मत्तय ५:२३–२४ मध्ये अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलं आहे. सणाच्या शुभेच्छांचा तयार मेसेज म्हणजे समेट नव्हे. समोरच्याने फोन उचलला नाही तर वाद वाढवू नका, प्रार्थनेत त्याचं नाव घ्या. जिथे मारहाण किंवा छळ झाला आहे तिथे मात्र हा फोन कोणाच्याही गळ्यात मारू नये.

दान करताना आधी विचारा, मग आणा. न विचारता दिलेले जुने कपडे घेणाऱ्याच्या घरात अडगळ होतात. कुटुंबाला काय हवं ते चर्चच्या किंवा ओळखीच्या माणसाकडून कळून घ्या आणि २० तारखेच्या आत पोचवा, म्हणजे त्यांनाही सणाची तयारी करता येईल. देताना फोटो काढू नका. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये, हे मत्तय ६:३ मध्ये सरळ लिहिलं आहे. मुलांना सोबत न्या, पण उपदेश करू नका. नंतर घरी लूक २:२४ दाखवा: मरीया-योसेफाने मंदिरात पक्ष्यांची जोडी अर्पण केली आणि कोकरू परवडत नाही त्यांच्यासाठी लेवीय १२:८ मध्ये हीच सोय होती. येशूचं घर देणाऱ्यांच्या नव्हे, गरिबांच्या रांगेत होतं, हे मुलांना आपोआप कळतं.

## पायरी ६: २४ ची रात्र आणि २५

२४ ला दुपारी चारनंतर नवीन काम सुरू करायचं नाही. जे राहिलं ते राहिलं. रात्रीच्या उपासनेला जाणाऱ्या लहान मुलांना संध्याकाळी दोन तास झोपवा. थकलेलं मूल उपासनेत रडतं आणि मग आई-वडील बाहेर उभे राहतात.

घरचा क्रम असा ठेवा:

१. सगळे एकत्र जमले की चारही मेणबत्त्या आणि मधली पांढरी लावा.
२. लूक २:१–२० वाचा. सावकाश वाचलं तरी तीन-चार मिनिटं लागतात. सातव्या वचनाला थांबा.
३. सर्वांत लहान मूल बाळाला गव्हाणीत ठेवील. मग पुढचं वाचन.
४. एक गाणं आणि आभाराची प्रार्थना. वर्षभरात गेलेल्या माणसाचं नाव इथे घ्या. सणाच्या दिवशी रडू नये म्हणून ते टाळलं जातं आणि मग दिवसभर प्रत्येक जण एकेकटा आठवत बसतो.
५. त्यानंतर भेटवस्तू. एका वेळी एकाने उघडायची, बाकीच्यांनी बघायचं.

चौथ्या आणि पाचव्याची अदलाबदल केली की संपलं. एकदा कागद फाटले की प्रार्थनेला मुलं परत मिळत नाहीत.

वेगळ्या धर्माचे पाहुणे येणार असतील तर त्यांना आधी सांगा की जेवणाआधी पाच मिनिटं वाचन आणि प्रार्थना असते. बसायचं की नाही ते त्यांच्यावर सोपवा. त्यांच्यासाठी वाचन गाळू नका आणि त्यांना गाठून प्रवचनही देऊ नका.

सांताबद्दल दोन टोकं दिसतात: कोणी त्यालाच सणाचा मालक करतं, कोणी मुलाला सगळ्यांसमोर "तो खोटा आहे" म्हणून रडवतं. ज्यांच्यावरून सांता आला ते चौथ्या शतकातले मायराचे बिशप संत निकोलस यांचा स्मरणदिन ६ डिसेंबरला येतो. त्या दिवशी त्यांच्याबद्दल सांगा, हवं तर छोटी भेटही द्या. म्हणजे २५ तारीख येशूसाठी मोकळी राहते.

तपासून पाहा: २५ च्या सकाळच्या उपासनेला घरातलं कोणी स्वयंपाकासाठी मागे राहतंय का? राहत असेल तर जेवणाची वेळ दोन तास पुढे ढकला.

## पायरी ७: २६ पासून पुढे

ख्रिस्तजन्माचा काळ २५ ला सुरू होतो. बाजार मात्र २६ ला आवरतो आणि त्याच्यासोबत आपणही झाडं-दिवे उतरवतो. ६ जानेवारीपर्यंत काहीही काढू नका. रोजचं वाचन आता पाच मिनिटांवर आणा:

- २६ डिसेंबर, पहिला ख्रिस्ती हुतात्मा संत स्तेफन: प्रेषितांची कृत्ये ७:५४–६०
- २७ डिसेंबर, संत योहान: योहान १:१–१८
- २८ डिसेंबर, हेरोदाने मारलेली बाळं: मत्तय २:१३–१८
- १ जानेवारी, येशूचं नाव ठेवणं: लूक २:२१
- ६ जानेवारी, प्रकटीकरणाचा सण: मत्तय २:१–१२

२८ चा उतारा लहान मुलांसमोर कसा वाचायचा असा प्रश्न येतो. सात-आठ वर्षांखालच्या मुलांना पंधराव्या वचनापर्यंतच वाचा. येशूचं कुटुंब रातोरात परदेशी पळून गेलं, एवढं त्यांना पुरतं. मोठ्यांनी सगळा वाचावा आणि त्या दिवशी घर सोडावं लागलेल्या लोकांसाठी प्रार्थना करावी.

सुट्टीत लांबणीवर पडलेल्या भेटी याच दिवसांत करा. आजारी, एकटे, वृद्ध यांच्याकडे २४-२५ ला पुष्कळ जण जातात आणि २७ पासून कोणी फिरकत नाही. २७ ते ३१ मधला एक दिवस त्यांच्यासाठी ठरवा.

६ ला मागी लोकांना गव्हाणीपर्यंत आणा, उतारा वाचा आणि मग आवराआवर सुरू करा. काही घरांत गव्हाण २ फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे बाळ येशूला मंदिरात नेल्याच्या सणापर्यंत ठेवतात. त्या दिवशी शिमोन आणि हन्नाचा उतारा, लूक २:२२–४०, वाचता येतो.

मूर्ती कागदात वेगवेगळ्या गुंडाळा, बाळाची डबी सगळ्यात वर ठेवा. खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पुढच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारची तारीख, यंदा कोणतं काम गाळलं आणि कोणत्या आठवड्यात वाचन बंद पडलं, एवढं लिहून चिकटवा.